शेल्याचं रिकामं टोक

नर्सबाई मेलेल्यांबरोबर नाचायच्या. वरात मांडवात आली की बँडवाल्यांना हाताने थांबवत, एकट्या क्लॅरनेटवाल्याला संथ चाल धरायला लावत, आणि शेल्याचं एक टोक धरून गोल फिरत. दुसरं टोक त्या घरातल्या गेलेल्या माणसासाठी रिकामं. आमच्या देवळी गावातले लोक आधी बिचकले, मग त्यांना आग्रहाने बोलावू लागले. माझ्या कुठल्याच गुणाचं गावाने इतकं कौतुक केलं नाही.

त्या अलिबागकडच्या ज्यू. सरकारी दवाखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि आमच्या शेजारी राहिल्या. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी चूल पेटवत नसत. "आमच्या घरात लग्नाआधी कबरीवर जाऊन बोलावणं करतात," असं त्या सांगत. "बोलावलं, तर नाचवायला नको?"

माझ्या आईशी त्यांची भारी गट्टी. दोघी ओट्यावर खिदळत असायच्या आणि मी गेले की गप्प. "जाय, खेळ तिकडं," आई म्हणायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आई माझी, आणि गुपितं मात्र शेजारी.

मी कॉलेजात असताना आई गेली. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा शेला मीच धरायचा असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण नर्सबाई उठल्याच. त्यांनी शेला धरला आणि डावा खांदा हलकेच उडवून एक गिरकी घेतली. मावशीने तोंडाला पदर लावला. "बाई, थेट आमची शांताच नाचून राह्यली," ती म्हणाली. सगळा मांडव डोळे पुसत होता आणि मी संतापाने लाल झाले होते. आईला नाचता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

निघताना मी त्यांना विचारलंच, "आई तुमच्यासमोर नाचायची?"

"शनिवारी. दार लावून," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत वऱ्हाडी त्यांच्या जिभेवर बसली होती. "तुले सांगू नको म्हणायची. पोरगी हसन मले, म्हणे."

मी हसले नसते. हे आईला आता कोण सांगणार?

नर्सबाई गेल्या वर्षी वारल्या. यंदा आंजी गावात भावाच्या मुलीचं लग्न झालं. डीजे बंद करवून मी शेला घेतला, ती चाल गुणगुणले आणि डावा खांदा उडवला.

"आत्या, मधातच काऊन धरला?" भाचीने विचारलं. "टोक धर ना."

मी दोन्ही टोकं मोकळीच सोडली. एक आईसाठी, एक नर्सबाईंसाठी. तिकडे त्या दोघी दार लावून नाचत असतील, खुशाल नाचोत. या मांडवात मात्र मी त्यांना शेजारी शेजारी येऊ दिलं नाही.