रंग कोणता, मंगला?

आमच्या तारनाक्याच्या घरात दोन मजले, दोन स्वयंपाकघरं आणि तीन फ्रिज आहेत. खालचा माझा, वरचा माझ्या थोरल्या जावेचा, म्हणजे मंगलावहिनींचा. तिसरा जिन्याखाली घरघरत असतो आणि त्यात खाण्याची एकही वस्तू नसते. त्यात वहिनींनी हिवाळा ठेवलाय.

वहिनींनी सुलतान बाजारातल्या एका मराठी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. आल्प्स, अ‍ॅटलास, हिमरेषा, हिमनद्या, सगळं मुलांकडून घोकून घेतलं. स्वतः बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. निवृत्त झाल्यावर सौरभनं, त्यांच्या मुलानं, वेळ जावा म्हणून एक टॅब आणून दिला. वहिनींनी त्यावर भजनं ऐकावीत अशी त्याची कल्पना होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अ‍ॅटलास पर्वतावर कोणती फुलं येतात ते शोधलं, आणि शोधता शोधता त्या लोकांत जाऊन पडल्या.

ते लोक म्हणजे जगभर पसरलेली एक हौशी जमात. उंच डोंगरांवरची चिमुकली झाडं आणि कंद हे लोक घरी कुंडीत वाढवतात. नॉर्वेचा एक बसड्रायव्हर, न्यूझीलंडची एक दातांची डॉक्टर, जपानमधले एक आजोबा. पैशाचा संबंध नाही. वर्षातून एकदा सगळे आपापल्या झाडांचं बी गोळा करून पाठवतात, कुणीतरी आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्या पुड्या बांधतं, आणि ज्याला जे हवं ते मिळतं. वहिनी आमच्या अंगणातल्या पावसाळी लिलीचं बी पाठवायच्या आणि रीतसर कागदपत्रांसकट डोंगरावरचं बी मागवायच्या. हैदराबादेत! मे महिन्यात जिथं नळाला आपसूक गरम पाणी येतं तिथं!

त्या कंदांना थंडी हवी असते, म्हणून पावसाळा सरला की कुंड्या फ्रिजमध्ये जात आणि कोंब दिसला की गच्चीवर येत. सुरुवातीला तो त्यांच्या स्वयंपाकघरातलाच होता. पिकणाऱ्या फळांतून कसलासा वायू निघतो आणि त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते, असं त्या लोकांनी सांगितल्यावर वहिनींनी घरच्या फ्रिजला सीताफळ बंद केलं. विजयदादा, माझे थोरले दीर, रेल्वेतून निवृत्त झालेले अत्यंत सोशिक गृहस्थ. पण सीताफळ हा त्यांचा जीव की प्राण.

"अगं, एवढं कायको? एक सीताफळ ठेवलं तर काय कयामत येणार का?"

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर दादांनीच कुठून तरी तो तिसरा जुना फ्रिज पैदा केला आणि घरात शांतता नांदू लागली.

वहिनींना खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. मी नवी नवरी होऊन या घरात आले, सत्यनारायणाला शालू नेसून सगळ्यांसमोर बसले, तर या म्हणाल्या, "सुनीता, हा रंग तुला अजिबात शोभत नाही." माझी पहिली पुरणपोळी खाऊन पाहुण्यांदेखत निकाल दिला: कणीक घट्ट, पुरण सैल. भाच्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा कसा आहे? "आळशी आहे, पण मनानं चांगला," वहिनी म्हणाल्या. लग्न झालं, पण आमची नणंद दोन वर्षं यांच्याशी बोलत नव्हती. शाळेतही त्यांनी कधी कुणाला दयेचा अर्धा मार्क दिला नाही. त्यांच्या या स्वभावापायी मी चिकार रडले आहे आणि त्याहून जास्त चिडले आहे.

त्या बियांच्या गटात मात्र हा स्वभाव भलताच चालला. बाकीचे लोक फुलांचे फोटो टाकत. वहिनी मरणाच्या बातम्या टाकत, कारणासहित. "निळ्या फुलाचं रोप मेलं. पाणी जास्त झालं. चूक माझी." पहिली काही वर्षं दुसरी बातमीच नव्हती. पण तिकडे लोक त्यांच्या मृत्युवार्तांची वाट बघायचे, कारण त्यावरून शिकायला मिळायचं.

अशातच स्कॉटलंडच्या एल्सपेथबाई त्यांच्या आयुष्यात आल्या.

एल्सपेथबाईंचे यजमान डंकन हे त्या जमातीतले जुने जाणते. अ‍ॅटलास पर्वतावरची एक बुटकी नर्गिस ते वाढवायचे. वीतभर उंचीचं झाड, पाकळ्या नावापुरत्या, आणि मधला पेला घेरदार परकरासारखा. ती एरवी पिवळी जर्द असते. डंकनसाहेबांच्या कुंड्यांत एका वर्षी एक दुधी रंगाची निघाली, कडेला किंचित हिरवट. तसली दुसरी कुणाकडे नव्हती. साहेब गेल्यावर बाईंनी तिचं बी गटाला पाठवलं आणि त्यातली एक पुडी आमच्या जिन्याखाली आली. उन्हाळ्यात ही झाडं मेल्यासारखी झोपतात, ते हैदराबादला सोयीचंच. पण पावसाळ्यात पाण्याचा थेंब लागला की कुजतात. म्हणून दर जूनला त्या कुंड्या वहिनींच्या कपाटावर चढत. बी पेरल्यापासून फूल यायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे आम्ही बाकीचे त्यांना विसरूनही गेलो.

तेवढ्या काळात तिकडे सगळं बदललं. बाईंची दृष्टी गेली. पूर्ण नाही, कडेचं दिसायचं, पण समोर बघावं तिथं धूर, आणि रंग तर ओळखूच येईनात. मुलीनं त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं, घर विकलं, आणि नव्या मालकानं गाड्या लावायला सगळ्या बागेवर फरशी घातली. ज्यांनी ज्यांनी डंकनचं बी नेलं होतं त्यांच्याकडे कुठे कुजलं, कुठे अळीनं खाल्लं. बाईंनी कुणाकडून तरी गटावर लिहवून घेतलं, डंकनचं दुधी फूल कुणाकडे उरलंय का? सगळ्यांनी माफी मागितली. फक्त वहिनींनी लिहिलं, "माझ्याकडे तीन कंद आहेत. अजून फुललेले नाहीत. त्यामुळे सांगता येत नाही."

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. आमच्याकडे संध्याकाळचा चहा, त्यांच्याकडे दुपारचं सूप. बाई स्क्रीनला नाक लावून बसायच्या. बोलणं काय, तर पान किती वाढलं आणि माती किती ओली आहे. एल्सपेथबाईंचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. पण फोन ठेवताना त्या दर वेळी तेच विचारायच्या, कळी आली का? एका जानेवारीत वहिनींनी "हो" म्हटलं, तेव्हा पलीकडे ती ऐंशी ओलांडलेली बाई टाळ्या वाजवायला लागली.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे नामपल्लीला नुमाइशचं मोठं प्रदर्शन बघायला निघालो होतो. वहिनी आल्या नाहीत; गच्चीवर कुंडीपाशी खुर्ची टाकून बसल्या. दोन दिवसांनी कळी उमलली. पिवळी जर्द. मग दुसरी उमलली, मग तिसरी. तिन्ही पिवळ्या.

त्या रविवारी वहिनी जेवल्या नाहीत. सौरभ गच्चीबोलीहून, त्याच्या फ्लॅटवरून, आला होता. त्यानं फोटो बघितला आणि म्हणाला, "आई, सिंपल आहे. मी एक फिल्टर लावून देतो, एकदम क्रीम कलर. तसंही त्यांना कुठे दिसतंय? शी विल बी सो हॅपी, यार."

मीही सौरभच्याच बाजूची होते. "सांगा ना वहिनी, दुधी आहे म्हणून. म्हाताऱ्या जिवाला तेवढंच समाधान." अजूनही त्यात काही मोठं पाप होतं असं मला वाटत नाही.

"आणि मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय? सुखानं राहतील."

"मग तिला वाटेल, फूल वाचलं. आणि ते तर कुठंच नाही." एवढं बोलून त्यांनी टॅब समोर ओढला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सुनीता, आज तू बोलतेस का तिच्याशी?" वहिनींनी माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. पण मी काही बोलायच्या आत टॅब वाजला आणि शेवटी त्यांनीच उचलला.

"फुललं?" एल्सपेथबाईंनी विचारलं.

"फुललं."

"रंग कोणता, मंगला?"

वहिनींनी एकदा कुंडीकडे पाहिलं. "पिवळा. साधा पिवळा. तिन्ही."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्या बाईचा चेहरा असा विझत गेला की मी तिथून उठूनच निघाले होते. तेवढ्यात त्या बोलायला लागल्या, आणि सावकाश बोलल्या म्हणून मलाही कळलं.

"इथं मला सगळे सांगतात, सगळं छान आहे. सूप छान आहे, हवा छान आहे, मी छान दिसतेय. मी दर वेळी विचारते, खरंच? ते म्हणतात, खरंच. आता मी कशावरच विश्वास ठेवत नाही." मग म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस. रडायला आलं, पण बरं केलंस."

आणि मग डोळे पुसून ती बाई कामाला लागली. त्यांच्या बागेत दुधीच्या शेजारीच पिवळ्या नर्गिसच्या कुंड्या होत्या. मधमाशीनं घोटाळा केला असणार, त्या म्हणाल्या. मुलांत पिवळा रंग वर चढतो, पण दुधी आत लपून राहतो आणि नातवंडांत कधीकधी परत येतो. या फुलांचं आपापसातच परागण कर, झाकून ठेव, आणि आलेलं बी पुन्हा पेर.

हे मला लगेच पटलं. आमच्या मामंजींचे डोळे घारे होते. त्यांच्या दोन्ही मुलांत ते उतरले नाहीत. पण माझ्या मुलीचे, तन्वीचे, डोळे पाहा, अगदी तेच. वहिनींनी तन्वीचाच रंगाचा ब्रश मागून घेतला आणि फुलाफुलांवरून फिरवला. एप्रिलमध्ये काळं चमकदार बी हाती आलं. निम्मं त्यांनी ठिकठिकाणी पाठवलं, कारण एखादं दुर्मीळ रोप एकाच घरात ठेवायचं नाही ही त्या जमातीची रीत. उरलेलं जिन्याखाली गेलं.

पुन्हा चार वर्षं. मधल्या काळात कोरोना आला आणि वृद्धाश्रमाची दारं बंद झाली. बाईंची मुलगी खिडकीच्या काचेबाहेर उभी राहून हात हलवून जायची, पण आईला ती नीट दिसायचीही नाही. वहिनींचा रविवार मात्र एकदाही चुकला नाही. "दोन रोपं गेली," त्या सांगायच्या. "मुंग्या लागल्या होत्या. बाकीची बरी आहेत." यात दिलासा तो काय होता देव जाणे, पण बाई ते ऐकायला थांबलेल्या असायच्या. कधीकधी वहिनींना ताप असायचा, तर मी टॅब धरायचे. त्या बाईचं मला वेडच लागलं म्हणा ना. एका पावसाळ्यात कपाटावरची भिंत पाझरायला लागली, तेव्हा मी मुकाट्यानं त्या कुंड्या उचलून माझ्या देवघराच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

मग तो जानेवारी आला आणि नातवंडांना कळ्या धरल्या. पहिली उमलली, पिवळी. वहिनींनी रविवारी तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोन उमलल्या, पिवळ्या. तेही सांगितलं. एल्सपेथबाई आता अंथरुणालाच खिळल्या होत्या. एक नर्स त्यांच्यासमोर टॅब धरायची. त्या फक्त मान हलवायच्या. मला मनातून वाटायला लागलं होतं, आता पुरे, या वेळी तरी वहिनींनी जरा दया करावी.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गच्चीवर गेले. आभाळात पतंग होते आणि खाली पोरांचा नुसता गलका. कडेच्या कुंडीत एक फूल रात्रीतून उमललं होतं. मी ओरडले. वहिनी धापा टाकत वर आल्या, त्यांनी चष्मा पुसला, कुंडी उचलून उन्हात नेली. मी म्हटलं, "दुधी आहे, वहिनी! दुधी!" त्यांनी मला गप्प केलं, दादांचा पांढरा हातरुमाल मागवला, फुलाशेजारी धरला, कुंडी फिरवून फिरवून बघितली. मग तिथंच जमिनीवर बसल्या आणि घळाघळा रडल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रविवारची वाट न बघता आम्ही दुपारीच फोन लावला. तिकडे सकाळ होती. नर्सनं टॅब उशीपाशी धरला. बाईंचा चेहरा मुठीएवढा झाला होता.

"रंग कोणता, मंगला?"

"दुधी," वहिनी म्हणाल्या. "कडेला किंचित हिरवा."

एल्सपेथबाईंनी डोळे मिटले आणि त्या हसल्या. 'खरंच?' असं त्यांनी विचारलं नाही.