दादाचा ठेका

टिपरी बॉक्सिंगच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवायला बसली त्या दुपारी एका बॉक्सरची भुवई फाटली आणि रक्त थेट तिच्या ड्रमवर उडालं. तिने एका हाताने लय चालू ठेवली, दुसऱ्या हाताच्या बाहीने कातडं पुसून घेतलं. रिंगच्या दोरांजवळ उभ्या असलेल्या हॉलच्या मालकाने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, या बाईला आता सोडायचं नाही.

लहानपणी हातात येईल ते कशावर तरी बडवत सुटायची, म्हणून घरच्यांनी टिपरी नाव ठेवलं आणि तेच राहिलं. अंगाने काटकुळी, दंड मात्र लोहाराचे. घरात ती आणि थोरला भाऊ, दोघंच. दादा क्लॅरिनेट वाजवायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे दोघं वर्षानुवर्षं दादाच्या रचना वाजवत आली होती. ऐकायला दहाबारा माणसं. त्यातली निम्मी नात्यातली, उरलेली पंक्चर निघेपर्यंत टेकलेली.

दादाला यात काही कमी वाटत नसे. एकदा साबणाच्या कंपनीचा माणूस जाहिरातीसाठी धून मागायला आला, तर दादाने त्याची गचांडी धरून त्याला रस्त्यावर काढला आणि तो बसला होता ती खुर्चीही त्याच्यामागे भिरकावली.

टिपरीला मात्र भरलेला हॉल हवा होता. पोटासाठी गेले, असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ते खरं नव्हतं. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये फेरी चालू असताना ड्रम वाजवायचा, ही मालकाची कल्पना. लय चढवली की माणसं चवताळायची. दमून दोरांवर रेललेला गडीही तिच्या हाताबरोबर पुन्हा तुटून पडायचा. आपण वाजवतो म्हणून समोरच्याची बरगडी मोडते आहे, हे तिला कळत होतं. आणि ते तिला आवडतही होतं.

एका रविवारी लढत रेंगाळली. लोक शिव्या घालू लागले, रिंगमध्ये बाटल्या येऊ लागल्या. टिपरीच्या हातून नकळत दादाचा सात मात्रांचा ठेका सुरू झाला.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी दादाने तो बांधला होता. आईचा श्वास चालता चालता मध्येच अडकायचा, सगळं घर त्या क्षणी थबकायचं, मग तो पुन्हा सुरू व्हायचा. ठेक्यातही मध्ये तशीच एक मात्रा रिकामी होती. टिपरीने तो दुप्पट लयीत धरला, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत एका बॉक्सरचा ठोसा दुसऱ्याच्या जबड्यावर बसला. हॉल फुटेल असा ओरडा झाला.

त्यानंतर लोक ठोशाची वाट त्याच जागी बघू लागले. भिंतींवर 'टिपरीचा ठेका' अशी पोस्टरं लागली. रस्त्यावरची पोरं तोंडाने तो म्हणत एकमेकांना बुक्क्या घालू लागली. सायकलच्या दुकानासमोर असाच खेळ चालला होता, तेव्हा दादाच्या कानावर तो पडला.

घरी आल्यावर त्याने तिला विचारलं. तिने लपवलं नाही.

"बारा माणसं ऐकत होती, दादा. आता हजारो ऐकतात."

"ऐकत नाहीत. कुणाचं थोबाड फुटतंय याची वाट बघतात. तू ठेका वाजवत नाहीस, ठेका घेतेस. कंत्राटदार झालीस तू."

ती म्हणाली की तुझ्या खोलीत तो ठेका कुजून मेला असता, आईसारखाच. दादाने तिच्या कानाखाली आवाज काढला. तिनेही मूठ वळून त्याच्या बरगडीत हाणली आणि तो कपाटावर आदळला. एवढी वर्षं एका ताटात जेवलेली भावंडं, पण एकमेकांवर हात उचलायची ही पहिलीच वेळ.

पुढच्या रविवारी दादा तिकीट काढून हॉलमध्ये आला. दुसऱ्या फेरीत टिपरीला तो दिसला. तिला दुसरं काहीही वाजवता आलं असतं. तिने मुद्दाम तोच ठेका धरला.

रिकामी मात्रा आली, ठोसा पडला, लोक गरजले. दादा कठडा ओलांडून धावला, ड्रम आडवा पाडला आणि टाचेने कातडं फोडू लागला. एका बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या रेड्यासारख्या प्रशिक्षकाने वळून दादाच्या तोंडावर ठोसा मारला. दादा कोसळला तशी पुढच्या रांगेतली माणसं त्याला बुटांनी तुडवू लागली. टिपरीने झांजेचा लोखंडी स्टँड उचलला आणि फिरवला. प्रशिक्षकाच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिला आला. मग दिसेल त्याला झोडपत तिने वाट काढली आणि दादाला कॉलरला धरून फरफटत बाहेर नेलं.

पुढचे दात गेले होते. दोन्ही ओठ शिवावे लागले. क्लॅरिनेट पुन्हा वाजवता येईल का, असं टिपरीने विचारलं, तेव्हा डॉक्टर नुसते हातमोजे काढत राहिले.

प्रशिक्षकाला तक्रार करू न देण्याचं मालकाने अंगावर घेतलं, कारण पोस्टरं तिची होती. परत वाजवायला येण्यासाठी टिपरीने एकच अट घातली: तो ठेका सोडून काहीही वाजवीन. मालकाने खांदे उडवले.

ती परत बसली त्या दुपारी लोकांनी पहिल्याच फेरीला तो ठेका मागितला. तिने दुसरा धरला. एक बाटली येऊन तिच्या कपाळावर फुटली. डोळ्यात रक्त उतरत असतानाही तिने हात थांबवले नाहीत. मग वरच्या गॅलरीतून पायांचा आवाज सुरू झाला. बघता बघता सगळा हॉल दादाचा ठेका पायांनी आपटू लागला, रिकाम्या मात्रेसकट. बॉक्सर त्यावरच एकमेकांना फोडू लागले. टिपरीने काड्या मांडीवर ठेवल्या. तिचा ड्रम आता कुणाला ऐकूच येत नव्हता.

कपाळाला फडकं बांधून ती घरी आली आणि झालं ते दादाला सांगितलं. तो उशीला टेकून बसला होता. शिवलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"मध्ये थांबत होते?"

"हो. सगळे एकदम."

"आणि मग?"

"मग ठोसा."

मग त्याने पाणी मागितलं. तिने पेला ओठांना लावला. टाका उसवला होता, पाणी लाल होऊन हनुवटीवरून गळ्यात उतरलं. ते पुसणारा तिचा हात दादाने धरून ठेवला.

पुढे दादाने क्लॅरिनेट विकली नाही आणि वाजवलीही नाही. सायकलच्या दुकानामागे तो मुलांना शिकवतो, पुढचे दात नसलेल्या तोंडाने बोल म्हणून दाखवतो. टिपरी अजून हॉलमध्ये वाजवते. तू कंत्राटदार झालीस, हे त्याने कधी मागे घेतलं नाही आणि तिनेही कधी माफी मागितली नाही. रविवारी हॉलमधली माणसं पाय आपटायला लागली की ती काड्या खाली ठेवते आणि त्यांचं संपेपर्यंत गप्प बसून राहते.