शहागंजातला तिसरा जोड

आमचं घर बौद्ध. देव, भूत, नवस... आजोबांनी सगळं एकदमच सोडलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझी चीड येतेय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आधी मीच हसले असते.

माझा धाकटा भाऊ सुनील गेल्या उन्हाळ्यात "गुलमंडीला जाऊन येतो" म्हणून पुंडलिकनगरच्या घरून निघाला, तो आलाच नाही. फोन बंद. पोलीस, दवाखाने, पोस्टर – सगळं झालं. मग आई जुन्या शहरात फिरायला लागली. विहारात जायचीच, आता गुलमंडीजवळची मंदिरं, सिटी चौकामागच्या गल्ल्यांतले दर्गे... कुणालाच सोडलं नाही तिने. मी कुरकुरत सोबत जायचे.

एका गुरुवारी दुपारी शहागंजच्या घड्याळाजवळून, फळांच्या गाड्यांतून वाट काढत आम्ही एका लहानशा दर्ग्यात गेलो. बाहेर चपला सांभाळणारी एक खाला बसते. आम्ही परत आलो तर तिने समोर तीन जोड ठेवले.

"खाला, हमारे दो ही हैं."

"कैसा दो? तुमारे पिच्छूच तो लडका आया ना. बोला, अम्मा के बाजू में रखो."

तिसरा जोड पाहिला आणि मी खाली वाकले. सुनीलचा डावा पाय लहानपणापासून आखूड. पैठण गेटचा मोची त्याच्या डाव्या चपलेला जाड टाच लावून द्यायचा आणि सुनीलच्या हट्टापायी निळ्या दोऱ्याने शिवायचा. तीच टाच, तोच दोरा. हात लावला तर चप्पल आतून घामाने ओली होती!

मी वेड्यासारखी आत पळाले. एकच खोली, एकच दार. आत कुणीही नव्हतं.

बाजारात दिवे लागेपर्यंत थांबलो. खाला आवरायला लागली तशी मी तो जोड पिशवीत घालू लागले. आईने हात धरला.

"असू दे तिथंच. अनवाणी त्याचा पाय लई दुखतो."

"अगं आई, पोलिसांना दाखवू ना!"

"नाय म्हणले ना."

पुढच्या गुरुवारी गेलो. जोड नव्हता.

"वोइच लेके गया," खाला म्हणाली. "तुम लोगां निकले और वो आया. पूछा, अम्मा गई क्या? मैं बोली, हौ, गई. तो पैना और चले गया."

"आया किधर से?" मी विचारलं.

"अंदर से."

मी मोबाइलमधला त्याचा फोटो पुढे केला. तिने होकाराची मान हलवली. आई तिथेच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

आता दर गुरुवारी आई दर्ग्याच्या भिंतीआड लपून बसते. खालाला सांगून ठेवलंय – कुणी विचारलं तर अम्मा गई म्हणून सांगा. अजून कुणी विचारलेलं नाही.

मला काहीच कळत नाही. कसली आशा धरावी तेही कळत नाही. तो जिवंत असेल, तर आईला का टाळतो? आणि नसेल... तर त्याला चपला कशाला लागतात?