भावाच्या पेशी

डॉक्टरला काही न विचारता मी माझ्या मोठ्या भावाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवला.

आजार माझा होता, मल्टिपल स्क्लेरोसिस. वडनेरात माझ्या किराणा दुकानात येणारा जो तो त्याला लकवा म्हणायचा आणि मालिशचं तेल सांगायचा. किती जणांना समजवायचं, की बाबांनो, अंगातली प्रतिकारशक्तीच उलटलीय, नसांवरचं आवरण तीच कुरतडते, तिथे तेल काय करणार? "लावून तं पाहा," म्हणत ते साखरेची पुडी घेऊन चालते व्हायचे. तोवर माझा डावा पाय फरपटू लागला होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुकानातल्या रद्दीत दोन बातम्या सापडल्या. माझ्या रोगावर मूळ पेशींचा प्रयोग चाललाय, ही एक. रक्ताच्या कॅन्सरवाल्या बहिणीला भावाने मूळ पेशी दिल्या, ही दुसरी. मी पडलो दुकानदार, लगेच बेरीज केली.

पण दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी भावाशी बोलणं बंद होतं. काठी टेकत त्याच्या दारात गेलो. तो म्हणाला, "जीव माग ना लेका, पेशी काय मागतं!" एवढ्यावर गप्प बसावं की नाही? मी वर अट घातली: पेशी साफ पाहिजेत, खर्रा बंद! मग काय, तो बैलांवर खेकसायचा, वहिनीवर खेकसायचा आणि रोज दुकानात येऊन मला विचारायचा, "काऊन रे, अजून साफ नाई झाल्या का?"

शेवटी दोघं मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने माझे कागद चाळले आणि भावाकडे पाहून विचारलं, "हे कशासाठी आलेत?"

मी सांगितलं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. या प्रयोगात म्हणे पेशंटच्या स्वतःच्याच मूळ पेशी काढून ठेवतात, जालीम औषधांनी बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसतात आणि त्याच पेशी परत देतात. जिवाला धोका आहे. रोग कदाचित थांबेल, पण गेलेला पाय परत येईलच असं नाही. तुम्हाला प्रयोगात घ्यायचं की नाही, तेही तपासण्या झाल्यावरच ठरेल.

पायाचं दुःख करावं की भावाला तोंड कसं दाखवावं याचं, तेच कळेना.

भावाने खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, माह्याच टाका. त्याच्याच त्याले देऊन का फायदा? त्याचा माल लहानपणापासूनच खराब आहे."