पहिली पंगत बायकांची

रेल्वे पोलिसात लागल्यावर माझी पहिली दिवाळी पुणे स्टेशनवर गेली. मराठवाड्याकडची गाडी संध्याकाळची होती, पण दुपारपासूनच जनरल डब्याची माणसं फलाटाबाहेरच्या मांडवात दाटली होती. गाडी लागली की फाटक उघडायचं आणि माणसं थोडीथोडी सोडायची, हे आमचं काम. फाटकापाशी कठड्याला चिकटून एक बाई उभी होती. तान्हं लेकरू तिनं ओढणीनं पोटाशी बांधलं होतं. मागून रेटा आला की दोन्ही हात कठड्यावर रोवून ती लेकरापुरती जागा राखायची. फाटक उघडल्यावर तिचं काय होईल, हे मला दिसत होतं.

"बाजूला येऊन बस," मी म्हटलं.

"नको ताई. ही गाडी चुकली तर भाऊबीजच चुकंल."

"रांगेत बसून घ्या," असं मी भोंग्यातून सांगत राहिले. कुणी बसेना. बसला तो मागं पडला, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

मी वेल्ह्यातल्या पासलीची. आमच्या जत्रेच्या भंडाऱ्याला गावोगावचं माणूस येतं, पण रेटारेटी होत नाही, कारण पंगत बसते. एकदा बसलं की पाळी येणार याची खात्री असते. फक्त बायकांची पंगत शेवटी. आईच्या पानात आमटी पडेपर्यंत तिच्यात डाळ शोधावी लागायची.

मी आमच्या हवालदारांना विचारलं, "साहेब, पंगती बसवू का? पहिली बायकांची."

"बसव. नाही जमलं तर मी आहेच," ते म्हणाले. नव्या पोरीला असं कोण म्हणतं?

मी भोंगा खाली ठेवला आणि गावाकडच्या आवाजात हाक दिली, "पंगत बसतीया. पहिली बायकालेकरांची. गडीमाणसं मागं. फाटक पंगतीनंच उघडंल."

"जिलबी हाय का, मॅडम?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. पण पुढचा एक तरुण चिडला. "सकाळपास्नं उभा हाय मी. ह्या बाया आत्ता आल्यात."

त्याचं खरं होतं.

त्याच्या शेजारी एक म्हातारे गवंडी होते, पिशवीतून थापी डोकावत होती. ते मागं सरकले, टॉवेल अंथरून बसले आणि त्याला म्हणाले, "बस रे लेका. घरी मायच्या आधी जेवतूस, तेवढं बास न्हाई का?"

आता त्याच्यावरच हशा झाला. पुटपुटत तो बसला, आणि मग मांडव बसत गेला. लेकुरवाळीनं कठडा सगळ्यांत शेवटी सोडला.

"खरंच आधी सोडणार ना?"

"म्या हितंच हाय," मी म्हटलं.

गाडी लागली. एकेक पंगत उठत गेली, कुणी पळालं नाही. त्या म्हाताऱ्या गवंड्यांना मात्र डब्याच्या दारातच उभं राहावं लागलं.

"बाबा, तुमची जागा गेली."

"उभ्यानं गेलं म्हणून गाव लांब जातंय व्हय?"

त्यांचं नाव मी विचारलं नाही. पण नोकरीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर पगाराच्या आधी ते आठवतात.

ती बाई खिडकीपाशी बसली होती. तिनं रिकामी बाटली गजांतून बाहेर धरली. "ताई, एवढी भरून द्या. मी काही आता उठत न्हाई."

मी नळाकडे निघाले.