चौदा किलो आणि मापाचा ब्लाउज

माझं वजन चौदा किलोंनी कमी झालं आणि त्यातलं बरंचसं अशा ठिकाणाहून गेलं, जिथून जायला मी सांगितलेलंच नव्हतं.

रोज पहाटे शहाद्याच्या प्रकाशा रस्त्याला चालायचे ती पोटासाठी. पण पोट ढिम्म! (आमच्या घरात त्याच्याइतकं चिवट दुसरं कुणी नाही.) ओसरली ती छाती. मी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी तपासलं आणि त्या हसल्या.

"अहो, तिथेही चरबीच असते की. अंगावरची उतरली तर तिथलीही उतरणार. कुणाची आधी, कुणाची नंतर. गाठ नाही, एकाच बाजूला फरक नाही, मग काळजी कसली?"

"परत येईल का?"

"येईल की! वजन परत आणा."

पण माझी काळजी वेगळीच होती. तिचं नाव लताताई, माझ्या थोरल्या नणंदबाई. दिवाळीत भरल्या घरात त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी काय वजन कमी करी! अन् झायं बी कमी, तं आजारीच दिसी!" तेव्हाच मी ठरवलं, पुतण्याच्या लग्नात सारंगखेड्याला हिच्यासमोर अशी उभी राहीन की हिची बोलती बंद झाली पाहिजे. त्यापायी तुपातली वरणबट्टी सोडली हो मी! ती काय 'आजारी शे का' ऐकायला?

आणि लग्नाचा ब्लाउज शिवायला टाकताना मी काय केलं? आपण सगळ्या करतो तेच. स्वतः न जाता मापाला जुना ब्लाउज पाठवला. जुना म्हणजे चौदा किलोंपूर्वीचा!

शिवलेला ब्लाउज हातात आला लग्नाच्या सकाळी. गळा झकास, बाह्या झकास, काठ जिथल्या तिथे. फक्त आत माणूस नव्हतं. मी शिवणाऱ्या मंगलाबाईंना फोन लावला.

"अहो, हा केवढा शिवलाय!"

"ताई, तुम्हीच देयेल मापना शे तो!"

मी पलंगावर बसून चक्क रडायला लागले. सासूबाई आत आल्या.

"काय झायं वं? काब्र रडी ऱ्हायनी?"

मी ब्लाउज दाखवला. त्यांनी एकदा ब्लाउजकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"इतलंच ना? वातींना कापूस शे ना घरमा!"

त्यांनी कापसाचे दोन गोळे केले, जुन्या फडक्यात बांधले आणि मला दिले. आरशात पाहिलं तर काय! कंबर आताची, छाती पूर्वीची. असं तर मी लग्नाआधीसुद्धा दिसले नव्हते!

सारंगखेड्याला मांडवात शिरताच, ताकाच्या पिंपाशी, लताताई समोर. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जिंकले मी!

तेवढ्यात नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, बँड वाजायला लागला. उन्हाळ्यातलं ऊन, मला घाम फुटला आणि छातीत आग लागली. नुसती जळजळ नाही, आग! मी सासूबाईंना कोपऱ्यात ओढलं.

"आई, ते फडकं कसलं होतं?"

"तिखट चाळानं. पण धुयेल शे!"

नंदुरबारची मिरची! ती कधी एका धुण्यात गेलीय? मी पळायला वळले तर बायकांनी हात धरून मला बँडपुढे ओढलं. मग मी नाचले नाही, मला मिरचीनं नाचवलं. मी उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या, खांदे असे काही झटकले की बँडवाले माझ्या चालीवर वाजवायला लागले! (गोळे बाहेर उडावेत हा माझा एकमेव उद्देश. पण सासूबाईंची गाठ!) तरण्या पोरी दमून बाजूला झाल्या. मी थांबेचना. बायका शिट्ट्या मारत होत्या, नवरदेव घोड्यावरून टाळ्या वाजवत होता आणि आमचे हे तोंड उघडं टाकून पाहत होते.

बँड थांबला तशी मी धावत खोलीत गेले, फडकी काढून फेकली, पदर लपेटून बाहेर आले. आता ब्लाउज पुन्हा ढगळ. लताताईंनी बरोबर तिथेच पाहिलं. झालं, आता बोलणार! मी ताठ उभी राहिले. छाती गेली तर गेली, चौदा किलो माझ्या पायांनी उतरवलेत, म्हटलं.

लताताई वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "कोन म्हने मन्ही वहिनी आजारी शे? वाघीन शे वाघीन! रोज सकायले मी बी इन्हासंगे चालाले जासू!"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाघीण मान खाली घालून, दोन्ही हात छातीशी धरून उभी. एवढं कौतुक होऊनही काय तो विनय, असं सगळ्या म्हणत होत्या. पदराआड माझ्या दोन्ही हातांत टाळ्यांच्या गडबडीत उचललेले थंडगार ताकाचे दोन ग्लास होते आणि ते मी पिण्यासाठी घेतलेले नव्हते.