आईचा रकाना

परवा नातीला जनगणनेची ड्यूटी लागली. सगळं मोबाइलवर भरायचं म्हणे. "आज्जी, तू कशी करायचीस गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झकास. खोटं बोलले.

तेव्हा मी खुलताबादच्या शाळेत शिकवायचे. काखेत सरकारी पिशवी, मनगटावर नवं घड्याळ आणि अक्षर असं, की साहेब माझे तक्ते इतरांना दाखवायचे. चालायचे तर अशी, की बाजूला व्हा, भारत सरकार येतंय.

दर्ग्याच्या उतारावर एक घर होतं. म्हातारी आई आणि दोन लेक. थोरला शेती करायचा. धाकटा पिराच्या नवसाचा, म्हणून नाव पिराचं. तो दर्ग्यासमोर फुलं विकायचा, बायकोही तिकडच्याच मुसलमान घरातली. चूल मात्र सगळ्यांची एक. भिंतीतल्या देवळीत देवीचा टाक आणि दर्ग्याची हिरवी चादर शेजारी शेजारी. म्हातारी दोघांना एकच उदबत्ती ओवाळायची.

धर्माच्या रकान्याशी मी आले. लेकांचं नावावरूनच उरकलं, विचारलंसुद्धा नाही. म्हातारीला विचारलं तर म्हणाली, "दोन्ही लिवा की, बाई."

"एकच बसतं, आजी."

"मग तुमचा कागद लहान हाय."

अडाणी म्हणून मला हसू आलं. तो रकाना इंग्रज साहेबानं आखलेला. माणसं वेगवेगळ्या खणांत पडलेली त्याला राज्य करायला बरी पडायची. साहेब गेला, पट्टी घेऊन रेघा मारणारी मी मागं राहिले. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याचं शुद्धलेखन तपासलं असतं.

मी लेकांना अंगणातून आत बोलावून विचारलं, आई कुणाच्यात लिहू? तोवर त्या घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. थोरला म्हणाला, आमच्यात. धाकट्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि परत बाहेर निघून गेला. मी म्हातारीच्या कपाळावरचं गोंदण बघितलं, हिंदू लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

काही वर्षांनी म्हातारी वारली. थोरला शाळेत मला न्यायला आला. अग्नी द्यायचा की दफन करायचं, यावर सकाळपासून अडलं होतं. अंगणात तिला निजवलेलं आणि दोन्ही बाजूंना बाहेरची माणसं येऊन उभी राहिलेली. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, आईचं काय लिवलं होतं ते सांगा. सरकारी हाय ते."

धाकटा हळूच म्हणाला, "ती काय बोलली होती, ते बी सांगा."

मला शब्दन्शब्द आठवत होतं. आणि मी काय केलं? हजेरी घ्यावी तसा घसा साफ केला आणि लिहिलेलं तेवढं सांगितलं. घोळक्याची भीती वाटली हे खरं. पण माझं लिहिणं चुकलं, असं चारचौघांत म्हणवेना हे त्याहून खरं.

धाकट्यानं खांदा दिला नाही. देवळीतली चादर घडी करून काखेत घेतली आणि बायकोला घेऊन निघून गेला.

काल नातीला हे सगळं सांगितलं. ती मोबाइलकडं बघत म्हणाली, "आज्जी, इथंही एकच दाबता येतं."

धाकट्याचं आता आमच्याच शहरात, छावणी भागात फुलांचं दुकान आहे. रिक्षानं वीस मिनिटं. म्हातारी काय बोलली होती, ते त्याला सांगायचं राहिलंय. गुडघे दुखतात म्हणून जात नाही, असं मी घरात सांगते. फार सोयीचे गुडघे आहेत माझे.